शिंग, हॉर्न आणि अण्णांचा कान

दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि भाची आमच्याकडे राहायला आल्या होत्या. भाची सहावीत, इंग्रजी माध्यमात. सुट्टीचा अभ्यास म्हणून वर्गातल्या प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द वाटून दिलेला. त्याचे सापडतील तेवढे अर्थ शोधायचे, वहीत लिहायचे, शेजारी चित्रं चिकटवायची. हिच्या वाट्याला आला 'हॉर्न'.

"मामा, सोप्पंय. एक गाईचं शिंग आणि एक गाडीचा हॉर्न. संपलं!" असं म्हणून ती टीव्हीसमोर जाऊन बसलीसुद्धा.

अण्णा तिथेच खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. गेली सात-आठ वर्षं त्यांना ऐकू कमी येतं, आणि गेली दोन वर्षं जवळजवळ नाहीच. कानाचं मशीन आणलंय, पण ते कपाटाच्या खणात डबीत असतं. "डोक्यात खरखर होती" म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढून ठेवलं. मग आम्हीही हळूहळू त्यांच्याशी बोलायचं कमी केलं. जेवायला चला, गोळी घेतली का, एवढंच, तेही ओरडून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

असो. तर भाची टीव्ही बघत बसली आणि मी तिच्या शब्दाच्या मागे लागलो. इथे नेहमी येणाऱ्यांना माझी ही खोड माहीत आहेच. डिक्शनरी उघडली की मला दुसरं काही सुचत नाही. चार दिवसांत जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात मूळ शिंगापासूनच करू. आपण मराठीत गाईचंही शिंग म्हणतो आणि सांबराचंही शिंगच म्हणतो. इंग्रजी मात्र इथे चोखंदळ आहे. गाय, म्हैस, बकरी यांचं ते 'हॉर्न', आणि हरणाच्या कुळातल्या सांबर-चितळाचं 'अँटलर'. फरक खराच आहे. हॉर्न म्हणजे आत हाड आणि त्यावर केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचं टोपण. ते साधारण जन्मभर राहतं. अँटलर नुसतंच हाड असतं, दरवर्षी गळून पडतं आणि पुन्हा उगवतं. गेंड्याच्या शिंगात तर हाड नसतंच, सगळा केराटिनचा कारभार!

आता गंमत बघा. 'हॉर्न' आणि आपलं 'शिंग' हे दोन शब्द लांबचे भाऊ आहेत. शिंग आलं संस्कृत 'शृंग'वरून. लॅटिनमध्ये शिंगाला म्हणतात 'कोर्नू', ग्रीकमध्ये 'केरास'. श, क आणि ह या तीन अक्षरांचं एक नातं आहे. आपल्याकडे जिथे श तिथे लॅटिनमध्ये क आणि इंग्रजीच्या घराण्यात ह, असं बऱ्याच शब्दांत दिसतं. आपलं 'शत', लॅटिन 'केंटुम', इंग्रजी 'हंड्रेड'. आपला 'श्वान', लॅटिन 'कानिस', इंग्रजी 'हाउंड'. तसंच शृंग, कोर्नू, हॉर्न. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच झऱ्यातून आल्या असाव्यात असं सांगितलं. पुढे १८२२ साली याकोब ग्रिमने (परीकथांच्या दोन ग्रिम बंधूंपैकी थोरला) क चा ह कसा होतो त्याचा नियम नीट मांडला. म्हणजे भाचीच्या वहीतला शब्द आणि आमच्या गावच्या गोठ्यातला शब्द, दोघे एकाच आजीची नातवंडं. अभ्यासकांच्या मते त्या मूळ धातूतच 'डोकं' हाही अर्थ होता. आपलं 'शिर' तिथूनच आलं.

त्या लॅटिन 'कोर्नू'ने इंग्रजीत केवढा संसार मांडलाय! 'कॉर्नर' म्हणजे कोपरा, शिंगासारखं पुढे आलेलं टोक. डोळ्याचा 'कॉर्निया', कारण तो शिंगाच्या पातळ पापुद्र्यासारखा. पायाला होतं ते कुरूप, त्यालाही 'कॉर्न' म्हणतात, तेही कोर्नूचंच पोर. (मक्याचा कॉर्न मात्र वेगळ्या घरचा, त्याचा शिंगाशी संबंध नाही.) ग्रीक 'केरास'कडून आलं केराटिन, आलं गेंड्याचं 'ऱ्हायनोसरस' हे नाव, म्हणजे नाकावर शिंग असलेला. आणि सोनाराकडचं 'कॅरेट'? ते ग्रीक 'केरातियोन'वरून, म्हणजे छोटं शिंग. शिंगासारख्या वाकड्या शेंगांचं एक झाड असतं, त्या शेंगेतल्या बिया वजनाला वापरत. तो शब्द अरबीतून फिरत फिरत युरोपात गेला. ताईला हे सांगितल्यावर तिने आपल्या बांगड्यांकडे नव्याने पाहिलं :)

आपला शिंगाडाही त्याच आकारावरून. आणि आलं, म्हणजे इंग्रजी 'जिंजर', ते ज्या शब्दापासून आलं तो संस्कृत 'शृंगवेर', शिंगाच्या आकाराचं. पण काही भाषातज्ज्ञ म्हणतात की मूळ शब्द द्राविडी, तमिळमध्ये आल्याला आजही 'इंजि' म्हणतात. संस्कृतवाल्यांनी त्याला नंतर शिंग चिकटवलं. मला हे दुसरं जास्त पटतं.

आता शिंगाच्या वस्तू. प्लास्टिक नव्हतं तेव्हा युरोपात शिंग हेच प्लास्टिक होतं. ते उकळून, तापवून मऊ करायचं, फाडून सपाट करायचं, आणि घासत घासत इतकं पातळ करायचं की आरपार उजेड दिसावा. बूट घालायला मागे सारतात तो 'शूहॉर्न' पूर्वी खरंच शिंगाचा असे. लेखनिक शिंगात शाई ठेवायचे, ते 'इंकहॉर्न'. शिपाई बंदुकीची दारू शिंगात ठेवायचे, ते 'पावडर हॉर्न'. कंदिलाला काचेऐवजी शिंगाचे पापुद्रे लावत. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात लोक 'लँटर्न'चं स्पेलिंगच बदलून 'लँटहॉर्न' असं लिहायला लागले! मूळ शब्दात शिंग नव्हतंच, पण डोळ्यांना शिंग दिसत होतं ना. लंडनमध्ये शिंगाचं काम करणाऱ्या 'हॉर्नर' लोकांचा जुना संघ आजही आहे, आणि १९४३ साली त्यांनी रीतसर प्लास्टिकच्या धंद्याला आपल्या पंखाखाली घेतलं. शिंगाची गादी प्लास्टिककडे गेली ती अशी.

पण मला सगळ्यात आवडलं ते 'हॉर्नबुक'. छोट्या बॅटसारखी मुठीची लाकडी पाटी. तिच्यावर अक्षरं आणि प्रार्थना लिहिलेला एकच कागद, आणि तो फाटू-मळू नये म्हणून वर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा. इंग्लंडमधली पोरं अठराव्या शतकापर्यंत यावरच मुळाक्षरं शिकली. आपल्या धूळपाटीची ही विलायती बहीणच म्हणायची. भाची म्हणाली, "मामा, हा तर टॅब!" खरंच की.

इंकहॉर्नवरून एक भांडणही झालं. सोळाव्या शतकात इंग्रज पंडित लॅटिन-ग्रीकमधून जडजंबाळ शब्द उचलून इंग्रजीत कोंबायला लागले. दुसऱ्या बाजूने त्यांना 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणून हिणवलं, म्हणजे शाईच्या शिंगातून निघालेले, माणसाच्या तोंडातून न आलेले शब्द. थॉमस विल्सनने १५५३ साली आपल्या पुस्तकात त्यांची यथेच्छ टिंगल केली. आपल्याकडची भाषाशुद्धीची चळवळ आठवते ना? तिथेही मुद्दा हाच होता, फक्त हद्दपार करायचे शब्द वेगळे.

आता काही खोटी शिंगं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या 'केप हॉर्न'ला मी शाळेपासून शिंगाच्या आकाराचं समजत होतो. १६१६ साली डच खलाशी तिथून गेले, आणि त्यांनी आपल्याकडच्या 'होर्न' या गावाचं नाव त्याला दिलं. स्पॅनिश लोकांनी ऐकलं 'ओर्नोस', म्हणजे भट्ट्या. झालं, त्या बर्फगार जागेचं नाव त्यांच्याकडे भट्ट्यांचं भूशिर! 'हॉर्न ऑफ आफ्रिका' मात्र आकारावरूनच. आणि स्वित्झर्लंडकडच्या 'मॅटरहॉर्न'मध्ये जर्मन हॉर्न म्हणजे सुळका. आपणही डोंगराच्या टोकाला शृंग म्हणतोच, म्हणजे भाऊ इतके दूर जाऊनही सवयी त्याच.

व्हायकिंग लोकांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. ती लावली एका कपडेपटवाल्याने, १८७६ साली वाग्नरच्या ऑपेरासाठी. आणि रोममधल्या मायकेलअँजेलोच्या मोझेसच्या पुतळ्याला दोन शिंगं आहेत ती भाषांतरामुळे. हिब्रूत 'केरेन' म्हणजे शिंग, आणि त्याच अक्षरांचं क्रियापद किरण फाकण्यासाठी आलं होतं. जुन्या हिब्रू लिपीत स्वर लिहीत नसत. सोळाशे वर्षांपूर्वी संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना शिंगाचा अर्थ घेतला, आणि मोझेसच्या चेहऱ्यावरचं तेज राहिलं बाजूला, डोक्यावर शिंगं उगवली. भाषांतर करणाऱ्या मित्रांनो, सांभाळून बरं का!

वाक्प्रचारांत तर आपली त्यांच्यावर कडी आहे. ते 'लॉक हॉर्न्स' म्हणतात, आपण थेट शिंगावर घेतो. त्यांचा 'ग्रीनहॉर्न' म्हणजे नवखा, कारण शिंगं कोवळी असलेला गोऱ्हा. आपल्याकडे पोराला शिंगं फुटली की तो नवखा राहत नाही, उलट उत्तरं द्यायला लागतो. म्हातारा तरुणांत मिसळला तर शिंगं मोडून वासरात शिरतो. न्यायशास्त्रात जे अस्तित्वातच नाही ते सशाचं शिंग. 'हॉर्न्स ऑफ अ डिलेमा'ला आपल्याकडे शिंग नाही, इकडे आड तिकडे विहीर आहे. 'टूट युअर ओन हॉर्न'ला आपण स्वतःची टिमकी वाजवतो. शेक्सपिअरच्या नाटकांत नवऱ्याच्या डोक्यावरच्या शिंगांचे विनोद जागोजागी आहेत, बायको दुसऱ्याच्या नादी लागली की नवऱ्याला शिंगं फुटतात म्हणे. अजूनही एक अर्थ आहे, पण हा ब्लॉग आमच्या मावश्या वाचतात, तेव्हा तो राहू दे.

आता आवाजाकडे येऊ. कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

शिंग पोकळ केलं, टोक कापलं आणि फुंकलं की आवाज लांब जातो, हे माणसाला फार लवकर कळलं. ज्यूंचा 'शोफार' आजही मेंढ्याच्या शिंगाचा असतो. जुन्या इंग्रजीतच 'हॉर्न'चे दोन्ही अर्थ होते, जनावराचं आणि वाजवायचं. मराठीतही तसंच. धातूचं झालं, वळणदार झालं, तरी आपल्या लग्नात-जत्रेत वाजतं ते शिंगच, आणि लढाईला उभं राहायचं तर रणशिंगच फुंकायचं. इंग्लंडमधल्या रिपन गावात रोज रात्री नऊ वाजता चौकात शिंग फुंकतात. ही प्रथा सन ८८६ पासूनची म्हणून सांगतात. पहारेकरी जागा आहे, निजा, एवढंच त्यातून सांगायचं.

पुढे शिकारीचं शिंग ऑर्केस्ट्रात शिरलं. १८१८ साली जर्मनीत व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं गेलं आणि त्यावर सगळे सूर वाजवायची सोय झाली. इंग्रजीत त्याला 'फ्रेंच हॉर्न' म्हणतात. १९७१ साली वादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नुसतं 'हॉर्न' म्हणा अशी शिफारस केली, तरी लोक फ्रेंच सोडायला तयार नाहीत. आणि 'इंग्लिश हॉर्न' नावाचं वाद्य धड इंग्लिशही नाही आणि हॉर्नही नाही. ते लाकडाचं, ओबोच्या जातीचं!

१८५९ साली कॅनडात रॉबर्ट फाउलिसच्या आराखड्यावरून वाफेवरचा 'फॉगहॉर्न' बसवला गेला, धुक्यात जहाजांना किनारा सांगायला. मग ग्रामोफोनचा हॉर्न, ज्याच्यासमोर तो प्रसिद्ध कुत्रा बसतो. आपण त्याला कर्णा म्हणालो, आणि गावात लग्नाला बांधतात त्या लाउडस्पीकरलाही कर्णाच.

हीच नळी उलटी धरली तर? आवाज बाहेर फेकायच्या ऐवजी गोळा करून कानात सोडते. कमी ऐकू येणारी माणसं पूर्वी शिंगंच कानाला लावत, मग धातूचे कर्णे आले. बीथोव्हनसाठी मेल्त्सेल नावाच्या कारागिराने असे कर्णे बनवले होते, ते बॉनला त्याच्या घरात जपून ठेवलेत.

आणि इथे मला मिलर रीझ हचिसन नावाचा माणूस भेटला. अमेरिकन, १८७६ चा जन्म. लहानपणीचा एक मित्र बहिरा होता, म्हणून याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी विजेवर चालणारं कानाचं यंत्र बनवलं. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राने ते वापरलं. आणि त्याच हचिसनने पुढे मोटारीचा 'क्लॅक्सन' हॉर्न शोधला. धातूचा पडदा, आणि त्यावर घासणारं दातेरी चाक. १९०८ पासून तो बाजारात आला आणि रस्तोरस्ती कर्कशायला लागला. नावही ग्रीक भाषेतल्या किंचाळण्यावरून. मार्क ट्वेन त्याला म्हणाला म्हणे, की तू हॉर्न काढलास तो लोकांना बहिरं करायला, म्हणजे तुझी मशिनं खपतील! ट्वेन हे खरंच म्हणाला का, देव जाणे.

मी हसलो. आणि मग हसू थांबलं, कारण समोर अण्णा बसले होते.

अण्णांनी जवळजवळ पस्तीस वर्षं ट्रक चालवला. सातारा, पुणे, मुंबई, कधी बंगळूर. पहिल्या ट्रकला दारालगत बाहेरून रबरी फुग्याचा पितळी हॉर्न होता, ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी. अण्णांचा उजवा कान आधी गेला, मग डावा. डॉक्टर म्हणाले वय, आम्हीही वय म्हणालो. केबिनमधलं इंजिन आणि कानाशी असलेलं ते पितळी शिंग यांचा विचार माझ्या मनात या चार दिवसांपूर्वी एकदाही आला नव्हता. त्याच हॉर्नवर माझं शिक्षण झालं, ताईचं लग्न झालं.

भाचीच्या वहीसाठी मी त्या फुग्याच्या हॉर्नचं चित्र छापून आणलं होतं. अण्णांनी ते हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले, आणि मग कुणी काही न विचारता बोलायला लागले.

"खंबाटकीला वळणाव ह्यो दाबल्याबिगर म्होरं जायचं न्हाई. समोरचा दिसत न्हाई ना. त्यानं आपला ऐकायचा, आपुन त्याचा. त्यानं उलटा दिला तर आपुन थांबायचं. अगं, त्यो हॉर्न म्हंजी काय शिवी न्हवं. मी हितं हाय, सांभाळ, आसं सांगायचं आस्तंय."

भाची वही घेऊन त्यांच्या पायाशी बसली. "आजोबा, अजून सांगा ना." त्यांना ते ऐकू गेलं नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. अण्णांनी वाचलं, सांगितलं. तिने पुढचा प्रश्न लिहिला. असं तासभर चाललं. ट्रकमागे लिहिलेल्या 'हॉर्न ओके प्लीज'चा विषय निघाला. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली, त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. मी हे पाटीवर लिहिल्यावर अण्णा म्हणाले, "पयलं मागनं येणाऱ्यानं इचारायचं, म्होरल्यानं वाट द्यायची. आता इचारतंय कोन, नुसतं आरडत्यात."

शेवटी भाचीने लिहिलं, "मला तुम्हाला माझी वही वाचून दाखवायचीय. मोठ्याने."

अण्णांनी ते दोनदा वाचलं. उठले, कपाटाचा खण उघडला, डबी काढली. बॅटरी अर्थातच गेलेली होती. मी खाली जाऊन आणली.

तिने सगळी वही वाचली. हॉर्नबुक, लँटहॉर्न, मोझेस, सगळं. अण्णांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ते एकसारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटचा अर्थ तिने स्वतःच घातला होता, इंग्रजीत. हॉर्न म्हणजे 'मी इथे आहे, सांभाळ.' खाली कंसात, 'आजोबांनी सांगितलेला अर्थ'.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मशीन लावून गॅलरीत उभे होते. खाली सिग्नलला नेहमीसारखी गाड्यांची रांग, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं. मग वैतागून आत आले आणि मला म्हणाले,

"काय रं, एवढी माणसं हिकडं कुनाला हाका मारत्यात?"

मशीन काढून ठेवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त गॅलरीचं दार लावून घेतलं.